मस्कतला न गेलेलं गाणं

लूमच्या खात्यात यंत्रमागांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातवारे करतो. त्या दुपारी हेमराज मुकादम माझ्यासमोर आला आणि त्याने एकही हातवारा केला नाही. वाकून माझं मशीन बंद केलं, मला बाहेर नेलं.

"हिलालभाऊ, घरी चला. वहिनी गेल्या."

सरला नळावर पाणी भरताना पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आमची एकच मुलगी, नूतन. ती नवऱ्याबरोबर मस्कतला असते. दिवस भरत आलेले, त्यामुळे तिला विमानात बसू देत नव्हते. फोनवर रडून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, आई आखाजीला काहीतरी पाठवणार होती. काय होतं ते?"

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात. नूतन दोन वर्षं आली नव्हती. आम्ही लूमच्या कामासाठी गाव सोडून इथे भेस्तानला राहतो; आमच्या गल्लीच्या तोंडाशी ललितचं एसटीडी बूथ आहे. गेल्या वर्षी त्याने तिथे कॉम्प्युटर आणला, इंटरनेट घेतलं. तो सरलाला म्हणाला, "भाभी, एक नवीन साईट आलीये. माईकवर बोला, आवाज तिकडेच जपला जातो. हवा त्या दिवशी पाठवा. करून तर बघा, फुकट आहे."

सरलाला ते फार आवडलं. गाणं म्हणायच्या वेळी तिने मला बाहेर काढलं. "तुम्ही चहा प्यायला जा. माले लाज वाटस." मी गेलो. परत आलो तेव्हा गाणं झालं होतं. ललित म्हणाला, "आता पासवर्ड टाका, मी बघत नाही." तो भिंतीकडे तोंड करून बसला. सरलाने एका बोटाने एकेक अक्षर शोधून टाकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. लगेच पाठव म्हटलं तर ऐकेना. "आखाजीचं गाणं आखाजीलाच जाईल," म्हणाली.

आखाजीच्या आधीच ती गेली. आखाजीला गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात; यंदा घरात तिच्याच नावाची भरली.

मग मी ललितकडे गेलो. नूतनचं नाव टाकलं, नाही उघडलं. जावयाचं टाकलं. तिच्या माहेरच्या गावाचं टाकलं, आमच्या कानबाई देवीचं टाकलं. प्रत्येक वेळी लाल अक्षरं आली.

"साईटवाल्यांना लिहून विचार ना," मी म्हटलं.

"लिहिलं, भाऊ. उत्तरच नाही. आता हे वाचा, काय म्हणतायत. अजून एकदा चुकलं तर खातं कायमचं बंद. आणि बरेच दिवस उघडलं नाही तरी पुसून टाकतात."

"मग?"

"मग काय. नीट आठवा."

आठवण्यासारखं काही नव्हतं. तिने मला सांगितलंच नव्हतं.

शेजारच्या इंदुबाई डबा द्यायला आल्या तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्या दारातच थांबल्या.

"भाऊ, तुमचं टाकलं का?"

"माझं?"

"तुमचं नाव हो."

"तिने कधी घेतलं का माझं नाव? रेशनवाल्याने नवऱ्याचं नाव विचारलं तर तुम्हाला पुढे करायची."

"तेच तर. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मला म्हणायची, तोंडाने घेत नाही म्हणून काय झालं, मनात रोज घेते." इंदुबाईंनी डोळे पुसले. "ललित भिंतीकडे बघत होता ना? मग हाताने घेतलं असेल."

मी रात्रपाळी मागून घेतली, म्हणजे दिवसा बूथवर जाता येतं. ललित ते पान उघडून देतो आणि स्वतःहून बाहेर जाऊन उभा राहतो. मी हेडफोन कानाला लावून बसतो. आत काहीच वाजत नाही. लूमवर इतकी वर्षं गेली, मला तसंही कमी ऐकू येतं. तिचं गाणं मी ऐकलेलं नाही. नाव बरोबर निघालं तर ते ऐकायला मिळेल, नूतनला पाठवता येईल. चुकलं तर तिचा आवाज कुठेच उरणार नाही. आमच्याकडे तिची कॅसेट नाही, काही नाही.

नूतनला मुलगी झाली. फोन केला की ती विचारते, "बाबा, मिळालं का?" मी म्हणतो, बघतोय.

काल ललित म्हणाला, "भाऊ, आता फार दिवस ठेवणार नाहीत ते."

मी पहिलं अक्षर दाबलं आणि पुसलं. माझं नाव टाकायचं अजून राहिलं आहे.