हरप्रसादचा एक किलोमीटर

आमचे हे सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदावर. भोपाळच्या सरकारी कचेरीत खासगी सिक्युरिटी एजन्स्या तपासायचं काम मिळालं आणि घरात पुन्हा बिगुल वाजू लागला. गार्डने ठरलेल्या वेळात एक किलोमीटर धावलं पाहिजे, असा नियम. एजन्सीवाले महाबिलंदर. एकच तगडा पोरगा आणायचे आणि शर्ट बदलून त्यालाच सगळ्यांच्या नावावर पळवायचे. यांनी त्याला लाल बुटांवरून पकडलं. मग वरिष्ठांशी वर्षानुवर्षं भांडून प्रत्येकाची धाव कॅमेऱ्यासमोर आणली, चित्रण थेट कचेरीत. मी म्हणायचे, "अहो, वशिल्यालाही जागा ठेवली नाहीत तुम्ही." हे खूश व्हायचे.

आणि एक दिवस तपासणीची पाळी आमच्याच बाग सेवनियातल्या सोसायटीच्या एजन्सीवर आली.

हरप्रसाद आमच्या गेटवर आमच्याही आधीपासून. गेटजवळच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहायची. नोकरी गेली की खोलीही जाणार. मी जिन्यात चक्कर येऊन पडले, तेव्हा त्यानेच मला उचलून रिक्षात घातलं होतं.

तो घरी आला. "साहब, हमें भी भागना पड़ेगा क्या?"

"सबको," हे म्हणाले.

"घुटना साथ नहीं देता. पर आप तो वहीं रहेंगे न?"

त्याच्या लेखी साहेब तिथे असणार म्हणजे काम झालंच. तो गेल्यावर मी यांच्यावर तुटून पडले. "एकाला सोडलंत तर आभाळ कोसळणार आहे का?"

"मी सोडेन गं. कॅमेरा सोडणार नाही."

"तो कोणी लावला?"

यांनी पेपर तोंडासमोर धरला.

धावेच्या दिवशी आनंद नगरच्या मैदानावर मीही गेले, घरी बसवेना. हरप्रसाद कडक इस्त्रीचा गणवेश घालून आला होता. कपाळावर बायकोने लावलेला टिळा. अर्ध्यावर तो गुडघा धरून थांबला. यांनी घड्याळ मदतनिसाच्या हातात दिलं आणि स्वतः त्याच्या शेजारून धावायला लागले. "चलो हरप्रसाद, बस उस खंभे तक." दोघं म्हातारे धापा टाकत पोचले. बाकीच्या गार्डांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

"हो गया न, साहब?"

यांनी मदतनिसाच्या हातातलं घड्याळ पाहिलं. "नहीं हुआ." इतक्या वर्षांच्या संसारात मी यांचा आवाज एवढा बारीक कधी ऐकला नव्हता.

हरप्रसादच यांची समजूत घालत होता. "कोई बात नहीं, साहब. आप तो साथ दौड़े."

हे एजन्सीच्या मालकाकडे गेले. दुसरं काही काम, निदान खोली तरी राहू द्या म्हणाले. आयुष्यात कोणापुढे हात न पसरलेला माणूस. मालकाने नम्रपणे हात जोडले. "साहब, नियम तो आपके ही हैं." आठवड्याच्या आत हरप्रसादची भांडी हातगाडीवर चढली. मला यांचा राग आला होता, आणि यांच्याकडे बघवतही नव्हतं.

गेटवरच्या नव्या गार्डने आम्हाला पाहून खाडकन सलाम ठोकला. माझी नजर त्याच्या पायांकडे गेली. लाल बूट.

"हा तोच ना हो?"

"तोच. सगळ्यांत आधी पोचला. या वेळी स्वतःच्या नावावर धावला."

"मग?"

"मग काय? नियमात बसतो."

हे आता सकाळी फिरायला मागच्या फाटकातून जातात. तिथे गार्ड नसतो.