बेटेगावचं पिवळं पाणी

बेटेगावच्या पत्र्याच्या मांडवात कावीळवाल्यांची रांग लागली होती. कमलाकांत महाराज एकेकाच्या हातांना कसलासा रस चोळत आणि ताटातल्या पाण्यात हात धुवायला लावत. पाणी बघता बघता पिवळं होई. गर्दी हात जोडी.

"डॉक्टर काविळीला नुसतं नाव देतात, मी तिला बाहेर बोलावतो," महाराज सांगत. "आत्ता रक्तात होती, आता ताटात आहे. बघून घ्या."

भागी नवऱ्याला, जिवल्याला घेऊन दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा त्याला कारखान्याच्या मुकादमानंच, शिवाजीनं, पाठवलं होतं : कावीळ उतरव आणि कामावर ये. पाणी पिवळं झालं, जिवल्या कामावर गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याचं पोट फुगलं. आज त्याला उभंही राहवत नव्हतं. भागीनं त्याचे हात धरले. रस तिच्याही बोटांना लागला आणि तिच्याही बोटांखाली पाणी पिवळं झालं.

"मला पन कावीळ हाय?"

"नवऱ्याची लागली. मंगळवारी ये."

दोघं पडलो तर पोरीला कोण बघेल? घाबरून भागीनं रिक्षा थेट बोईसरच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर दमयंतींनी दोघांचं रक्त तपासलं. भागीला काही नव्हतं. जिवल्याचं यकृत मात्र पार बिघडलं होतं.

"मंग माजं पानी पिवलं कसं झालं?"

दमयंतींनी आंब्याच्या झाडाची साल ठेचली, रस स्वतःच्या हातांना चोळला आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी पिवळं झालं.

"महाराजांच्या ताटातही हीच निवळी असते. कुणाचेही हात धुतले तरी हेच होतं. हा काम काय करतो?"

"रसायनाची पिंपं धुतो. कोपरापोत हात घालून. कातडी सोलली, तर मुकादम म्हनला, तोंडात जात नाय ना, मग काय होत नाय."

"ते रसायन कातडीतूनच आत जातं, भागी. रक्तातून यकृतात. बरा झालो समजून हा पुन्हा त्याच पिंपात हात घालत राहिला."

"वाचंल?"

"पहिल्यांदाच इथे आणलं असतं तर हो म्हणाले असते."

जिवल्या वाचला नाही.

पुढच्या मंगळवारी भागी साल आणि चुना घेऊन मांडवाबाहेर बसली. धडधाकट बायकांचे हात तिनं धुवून दाखवले. प्रत्येकीचं पाणी पिवळं झालं. तरी निम्मी रांग हलली नाही. सोललेल्या हातांचा एक कामगार तेवढा घुटमळला.

"महाराज रागावले तर?"

"रागवू दे," भागी म्हणाली. "दादा, पानी पिवलं झालं म्हनून कावीळ जात नाय. रक्त तपास. आन त्या पिंपात परत हात घालू नको."