तालिमखान्यावरची अळी

नागपूरला परीक्षेला जाताना प्रेरणाने दागिन्यांचा डबा हाती दिला असता, तरी तिच्या सासूबाईंना, शेवंताबाईंना, इतकं दडपण आलं नसतं. तिने दिली जाळीच्या डब्यातली एक काळी, काटेरी अळी.

"आई, माह्या अभ्यासाची हे एकच उरली. इले फक्त तळ्याकाठच्या तालिमखान्याचा पाला द्या," असं म्हणून तिने भिंतीवर एक चित्र चिकटवलं. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू आणि पंखावर टपोरे डोळे. मग तिने गाडी पकडली.

शेवंताबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. पण सुनेने आपल्यावर अभ्यास सोपवल्याचं शेजारच्या अंजनाबाईंपासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्या रिसाली वस्तीने त्यांच्या तोंडून ऐकलं.

अळी भलतीच खादाड निघाली. त्यात तिसऱ्या दिवशी तळ्याकाठचा काटेरी पाला कुणीतरी साफ करून टाकलेला. शेवंताबाई ऑटो करून थेट पोलाद कारखान्याजवळच्या खुर्सीपारच्या नाल्यावर गेल्या, चिखलात उतरल्या, बोटं रक्ताळून घेतली आणि आणलेला पाला घाईत तसाच डब्यात घातला. दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी कारखान्याची लाल धूळ त्या तीस वर्षं झटकत आल्या होत्या. पण पाला धुवायचा राहिला, हे अळीने अर्धा फस्त केल्यावर आठवलं.

पुढे अळी उलटी टांगली, तिचा कोष झाला. दहाव्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर आलं. मिटलेले पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे, डोळा एकही नाही. शेवंताबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. धुळीनेच आंधळं झालं बिचारं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी डब्यावर शाल टाकली आणि नवऱ्याला, देवाजींना, सकाळचा चहासुद्धा विचारला नाही.

दुपारी प्रेरणाने उंबऱ्यात बॅग ठेवली न ठेवली तोच त्या म्हणाल्या, "पोरी, चूक झाली माह्याकून. पाला न धुता घातला. आंधळं निघालं."

प्रेरणाने शाल काढली आणि डबा अंगणातल्या उन्हात नेऊन ठेवला. थोड्या वेळाने फुलपाखराने पंख उघडले. आतून केशरी रंग, त्यावर टपोरे डोळे.

"चित्रातलं पावसाळ्यातलं हाय, ते दोन्हीकून डोळे मिरवते, आई. थंडीत गवत वाळते, मंग हे पंख मिटून वाळलं पान होऊन बसते. खाणाऱ्या पक्ष्याले ते दिसत नाही. असंच पाह्यजे होतं मले."

"मंग हे सांगून जाता येत नव्हतं तुले?" शेवंताबाई कडाडल्या. "सकाळपासून जीव टांगणीला लागला माहा."

प्रेरणाचं लक्ष त्यांच्या बोटांवरच्या ओरखड्यांकडे गेलं. तिने तो हात हातात घेतला.

"ध्यानातच नाही आलं, आई. मले वाटते, तुमाले समदंच माहीत हाय."

असं शेवंताबाईंना जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्यांना रडू आवरेना. सुनेला जवळ ओढून त्या म्हणाल्या, "नव्हतं माहीत. आता रोज जरा जरा सांगत जाय मले."