निरोगी नमुना

पिरोश्काच्या दंडावर सुई टोचायला आता जागा शोधावी लागे. हंगेरीतल्या सेगेद शहरातल्या त्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं निरोगी रक्त लागलं की तिचंच घ्यायचे. रुग्ण येत नि जात, ही मदतनीस बाई जागची हलत नव्हती. नळीवर तिचं नावही नसे, नुसतं 'निरोगी' लिहिलेलं.

तिथे एका प्रथिनाचं काम शोधणं चालू होतं. पेशी जनुकावरून आरएनएची लांबलचक नक्कल काढते, मग त्यातले फालतू तुकडे कापून कामाचे जोडावे लागतात. हे प्रथिन त्या कापाजोडीच्या यंत्रणेला धरून ठेवतं. ते निम्मंच तयार झालं की आधी डोळा थकतो. अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं दिसणं जातं. रुग्ण सगळे तिसा नदीकाठच्या एका गावचे. पिरोश्काची आजी तिथलीच, पण म्हातारी ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवायची.

म्हणून पिरोश्काला लेकीबद्दल भीती नव्हती. म्हणजे होती, पण ती गिळून टाकायची. एकोणीस वर्षांची एमोके संध्याकाळ झाली की दारांना धडकायची, ट्रामची पायरी चुकायची. "डोळे काय खिशात ठेवतेस?" पिरोश्का करवादायची. माझ्याकडून तिच्यात रोग जाणं शक्यच नाही, मी निरोगी आहे, फ्रीजरभर पुरावा आहे. हे तिने मनाशी इतक्या वेळा घोकलं होतं की त्याचाही शीण आला होता.

तिकडे पीएच.डी. करणाऱ्या किंगाचं गाडं तीन वर्षं अडलेलं. रुग्ण आणि निरोगी नमुना यांत म्हणावा तसा फरकच निघेना. शेवटी ज्या शोधपत्रिकेकडे लेख पाठवला होता त्यांनी विचारलं, निरोगी नमुन्याचं जनुक तपासलंत का? कोण कशाला तपासतंय? निरोगी म्हणजे पिरोश्का मावशी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी किंगा कागद घेऊन आली.

"मावशी, बसा जरा."

"बसलेलीच आहे गं. उभं राहायला पाय कुणाचे आणू?"

किंगा हसली नाही. "तुमच्या जनुकाच्या एका प्रतीत रुग्णांचाच बिघाड आहे. दुसरी प्रत जास्त राबते, म्हणून तुम्हाला काही झालं नाही."

"आणि पोरीला?"

"बिघडलेली प्रत तिच्याकडे गेली असेल, तर सगळा भार बाबांकडून आलेल्या प्रतीवर. ती कमी पडली तर..." किंगाने कागद टेबलावर उलटा ठेवला.

"म्हणजे तुझे आकडे आता जुळतील."

"मावशी, असं नका ना बोलू."

"जुळव बाई. माझ्या रक्ताने तुझी तीन वर्षं खाल्ली." राग कुणाचा धरावा हेही तिला सुचेना. इतकं दमल्यासारखं तिला जन्मात वाटलं नव्हतं.

साडेचारला अंधारलं. पिरोश्का ट्रामथांब्यावर जाऊन उभी राहिली. एरवी कधी जायची नाही. एमोके दांडा घट्ट धरून, पायाने जमीन चाचपत उतरली आणि आईच्या समोरून तशीच पुढे निघाली.

"एमोके, मी आहे इथे."

"आई? काय झालं?"

"काही नाही. हात दे, पुढे पायऱ्या आहेत."

"तीन आहेत. मोजून ठेवल्यात मी, तू ओरडू नयेस म्हणून."

 पिरोश्काने लेकीचा दंड धरला. "उद्या सकाळी माझ्याबरोबर लॅबमध्ये ये. रक्त द्यायचंय."

"का, तुझं संपलं?"

"माझं आता चालत नाही," पिरोश्का म्हणाली, आणि दोघी सावकाश पायऱ्या उतरू लागल्या.