तक्रारीचा रकाना

माणूस बसच्या पायरीवर दिसला, की गाईड त्याचा देश सांगायचा. त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. बस चालवायचे त्याचे दाजी, बहिणीचे यजमान. दोघांनी मिळून देशांना नावंही ठेवली होती. एक 'बडबडे': पाणी कोमट निघालं तरी दहा मिनिटं भांडणार. दुसरे 'गरीब गाई': वेळेआधी हजर, आणि काहीही विचारलं तरी हसून मान डोलावणार. आपल्यामुळे दुसऱ्याचा खोळंबा होता कामा नये, हे म्हणे त्यांच्याकडे लहानपणापासून शिकवतात. असले पर्यटक मिळायला नशीब लागतं, असं गाईड म्हणायचा. त्यांची भाषाही तो थोडीफार शिकला होता.

त्या दिवशी बसमध्ये वीस बडबडे आणि एकच गरीब गाईंचं म्हातारं जोडपं होतं. टेकडीवरच्या मनोऱ्याला चारशे पायऱ्या, आणि ऊन मी म्हणत होतं. गाईडने नेहमीप्रमाणे जोडप्याला शेवटी ठेवलं; त्यांच्याकडे बघावं लागत नाही. बडबड्यांनी सावली नाही, बाक नाही म्हणून त्याचं डोकं खाल्लं. त्याने दोनदा मागे वळून ठीक ना, असं विचारलं. आजींनी दोन्ही वेळा मान डोलावली. दुसऱ्या वेळी त्या एकट्याच होत्या. त्याला ते दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही.

उतरायची वाट दुसऱ्या अंगाने होती. खाली बसमध्ये मोजलं, तर एक माणूस कमी.

"ते चढणीच्या मधल्या वळणावर बसलेत," आजी म्हणाल्या. "छातीत दुखत होतं. म्हणाले, तू जा, नाहीतर सगळे थांबतील."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही माहिती देत होता. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."

गाईड बसमधून उतरून पायऱ्यांकडे वळला. त्याच्या आधी बडबडेच धावले, चकार शब्द न काढता. आजोबा भिंतीला टेकून बसले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट राहावी म्हणून पाय पोटाशी घेतले होते. जीव केव्हाच गेला होता.

दवाखान्यात आजींनी एकेकाची माफी मागितली, दाजींचीसुद्धा, उशीर झाला म्हणून. मग कंपनीचा अभिप्रायाचा कागद भरून त्यांनी गाईडच्या हातात दिला. गाईडची सेवा: उत्तम. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, काही नाही.

त्यांनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.