बेडोकचा कोट गोठलेल्या नदीवर

मित्रांनो, जिथे बारा महिने घाम येतो अशा गावात राहणारा मी एक जुना हिवाळी कोट आहे. रंगाने निळा, अंगाने जाड, पोटात बदकांची मऊ पिसे भरलेली. सिंगापूरला बेडोकमध्ये नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये माझा मुक्काम असतो. तुम्ही म्हणाल, कोटाला कसली भीती? त्याला ना हाडे, ना रक्त. पण जो कोणी मला घालतो त्याचे काळीज माझ्या अस्तराला टेकलेले असते. ते जसे धडधडते, तसा मीही धडधडतो. एका एप्रिलमध्ये ते इतके धडधडले की अजून ती धडधड माझ्यातून गेलेली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या बाह्या खांद्यांना जोडल्या. तिने शिवण एकदा घातली, उजेडात धरून पाहिली, आणि काय मनात आले कोण जाणे, तिच्यावरून दुसऱ्यांदा मशीन फिरवले. शेजारच्या कोटांना एकच शिवण होती. मला दोन मिळाल्या.

मला विकत घेतले अश्विनने. तो रॅफल्स प्लेसला बँकेत काम करतो. त्याला ऐन हिवाळ्यात दहा दिवस उत्तर चीनमध्ये कामासाठी पाठवले होते. परत आल्यावर त्याच्या बायकोने, उल्काने, मला हँगरवर अडकवून ठेवले, आणि मग माझे खरे भरभराटीचे दिवस सुरू झाले. ओळखीपाळखीतले कोणी थंडीच्या देशात निघाले, की उल्काला फोन यायचा. हरीश मला जपानला घेऊन गेला. निहारिका मला घालून कॅनडाला मुलाखतीला गेली आणि नोकरी घेऊन आली. ‘उल्काकडचा कोट’ म्हणून माझे नाव झाले. लोक मला धुऊन, घडी करून, सोबत चॉकलेटचा डबा ठेवून परत करायचे. खोटे कशाला सांगू, मला थोडा गर्वही चढला होता.

पुढे ज्याने त्याने आपापले कोट घेतले. मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून पोलादी दाराच्या खोलीत टाकले. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये संकटकाळी आसरा म्हणून अशी एक जाड भिंतींची खोली बांधतात, आणि संकट येईपर्यंत सगळे तिच्यात अडगळ भरतात. तिथे हवा नाही, उजेड नाही. पावसाळी ओल पिशवीत शिरली. माझ्या पाठीवर बुरशीचे राखाडी ठिपके उमटले, पिसांचे गोळे झाले, चेनच्या दातांवर पांढरी पूड चढली. सहा वर्षे मला कोणी हात लावला नाही.

अशातच अश्विनची आई साताऱ्याहून कायमची मुलाकडे राहायला आली. तिचे नाव दमयंती. एकतीस वर्षे तिने शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे घराबाहेर सगळे तिला बाईच म्हणायचे. मीही बाईच म्हणतो. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, कस्तुरी, इथल्या विद्यापीठात नद्यांवर संशोधन करत होती. रविवारी ती बाईंच्या हातची आमटी खायला बेडोकला येई. एके रविवारी तिने सांगितले की रशियाच्या उत्तरेला उस्त-वेशा नावाचे एक आडबाजूचे गाव आहे, वेशा नदीच्या मुखाशी, आणि बर्फाचे नमुने आणायला ती तिथे दोन आठवडे जाणार आहे. जाता जाता गमतीने म्हणाली, येता का बाई?

बाईंनी ते गमतीवारी नेले नाही.

अश्विनला हे मुळीच पटले नाही. दोन दिवसांनी जेवताना त्याने विषय काढला.

“आई, तिथे तुला काही झालं तर मी पोचणार कसा?”

“एकतीस वर्षं मी उत्तरेला वाहणाऱ्या नद्या फळ्यावर काढल्या, अश्विन,” बाई म्हणाल्या. “एक तरी डोळ्यांनी बघू दे.”

नात मधुवंती अकरा वर्षांची. “आजी, सो कोल्ड, कॅनॉट लाह,” एवढेच इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणून ती पुन्हा आपल्या पुस्तकात शिरली.

निघायच्या आदल्या दिवशी उल्काला माझी आठवण झाली. तिने मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने बुरशी पुसली, सुगंधी फवारा मारला. चेन अडली तेव्हा तिच्यावर साबणाची वडी घासली. चेन एकदा वर गेली, एकदा खाली आली. चालेल, असे उल्का म्हणाली. चालेल, असे बाईही म्हणाल्या. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो की नाही चालणार. फवाऱ्याच्या वासाखाली मी आतून ओलाच होतो.

दोन विमाने आणि एक रात्रभराची आगगाडी झाल्यावर आम्ही नदीकाठी पोचलो. गाव पलीकडच्या तीरावर होते. पूल नव्हता. नदी गोठली की तिच्यावरूनच गाड्या जातात. बर्फात ओळीने रोवलेल्या झाडाच्या हिरव्या फांद्या, तोच रस्ता. आमची भाड्याची गाडी नदीवर उतरण्याआधी चालकाने मागे वळून काही सांगितले आणि सगळी दारे उघडी टाकली. कस्तुरीला रशियन येत होते. तिचा आवाज बारीक झाला होता.

“पट्टा सोडायला सांगतोय, बाई. गाडी खाली गेलीच, तर उडी मारता यावी म्हणून.”

बाईंनी पट्टा सोडला. उघड्या दारातून झोंबरा वारा येत होता आणि चाकांखाली काहीतरी कुरकुरत होते. माझ्या अस्तराला टेकलेले काळीज तेव्हा पहिल्यांदा उधळले. त्यांनी दोन्ही हातांनी मला गळ्याशी घट्ट आवळून धरले होते.

गाव म्हणजे लाकडी घरांच्या दोन रांगा. घरे जुनी, काही एका अंगाला कललेली, प्रत्येकातून सरळ वर जाणारा धूर. आम्ही पोस्टात काम करणाऱ्या गालिना नावाच्या बाईंकडे उतरलो. गालिनाबाई आणि आमच्या बाई एकाच वयाच्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी चहाचा पेला हातात धरून तासभर बसत. गालिनाबाईंनी पहिल्याच दिवशी मला हुंगले आणि नाक मुरडले. मला भट्टीजवळ उलटे टांगले. माझी चेन तीन वेळा ओढून पाहिली आणि बाईंकडे बघून काहीतरी गंभीरपणे सांगितले. कस्तुरी तेव्हा तिथे नव्हती. बाई हसून मान हलवत राहिल्या.

दोन दिवसांनी हवा बदलली. छपरांवरून पाणी ठिबकू लागले. गाड्यांचा रस्ता बंद झाला. कस्तुरीने बाईंना सांगितले की आता बर्फ फुटून नदी मोकळी होईपर्यंत गाव तुटलेलेच राहणार. बाईंना त्याचे काही वाटले नाही. त्या उलट खूश होत्या.

पाचव्या दिवशी दुपारी कस्तुरी कामावर गेली होती आणि गालिनाबाई पोस्टात. बाईंनी मला घातले, जोर लावून चेन गळ्यापर्यंत ओढली आणि त्या एकट्याच नदीवर गेल्या. काठावर लाल अक्षरांची एक पाटी लावली होती. बाईंना ती वाचता येईना. त्यांनी तिचा फोटो काढला आणि तिच्या बाजूने खाली उतरल्या. बर्फात माणसांच्या पावलांची जुनी वाट दिसत होती. तीस-चाळीस पावले जाऊन त्या थांबल्या. चारी बाजूंना पांढरे सपाट पसरलेले. त्या स्वतःशीच हळू आवाजात बोलू लागल्या, वर्गात बोलत तशा. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, मुलांनो. दक्षिणेला ऊन लवकर येते, बर्फ आधी वितळतो. इथे मुखाशी मात्र नदी अजून गोठलेलीच असते. मग वरून आलेले पाणी...

ते पाणी बर्फाखाली शिरून त्याला वर उचलते, हे पुढचे वाक्य त्यांच्या ओठांवरच राहिले.

खालून आवाज आला. लांब कुठेतरी अवजड दार आपटावे तसा. मग दुसरा, जवळ. मग पायांखालचा बर्फ किंचित वर उचलला गेला, झोपलेल्या माणसाची छाती उचलली जावी तसा. बाईंनी मागे वळून पाहिले. काठाला चिकटलेला बर्फ सुटला होता. काठ आणि त्या, यांच्या मध्ये काळ्या पाण्याची एक पट्टी उघडली होती. मघाशी ती तिथे नव्हती.

मित्रांनो, भीती कशी असते ते मी त्या क्षणी शिकलो. बाई किंचाळल्या नाहीत. त्यांचे काळीज एकदम थांबले, आणि मग असे धावू लागले की माझ्या पिसांना ते सोसवेना. त्या पट्टीकडे चालत आल्या. पाय सरकवत, एक एक पाऊल. पट्टी तोवर हातभर रुंद झाली होती. त्या कडेशी पोचेपर्यंत दोन हात झाली.

कस्तुरी काठावरून धावत येताना दिसली. पोस्टाच्या खिडकीतून गालिनाबाईंना निळा ठिपका बर्फावर दिसला होता. त्यांनी कस्तुरीला हाक मारून नदीकडे पिटाळले होते, आणि स्वतः दोर आणि शिडी आणायला वळल्या होत्या. पण पाणी दोराची वाट बघत नव्हते.

कस्तुरी काठावर पालथी पडली आणि तिने हात लांब केला. हात पोचला नाही.

“बाई, कोट काढा! बाही टाका माझ्याकडे!”

बाईंनी चेन ओढली. चेन हलली नाही. त्यांनी हातमोजा दाताने काढला आणि उघड्या बोटांनी पुन्हा ओढली. मी जीव एकवटून सुटायला बघत होतो, पण सहा वर्षांची ती पांढरी पूड माझे दात सोडेना. ज्यांना ऊब द्यायला मला शिवले, त्यांनाच मी डांबून ठेवले होते. बाईंचा श्वास हुंदक्यासारखा येऊ लागला. बर्फ पुन्हा उचलला गेला. मग त्यांनी मला खालून धरले आणि डोक्यावरून ओढून काढायला सुरुवात केली. त्यांचे डोके माझ्यात अडकले. आत काळोख, हात वर गुंतलेले, पायांखाली हलणारा बर्फ, आणि त्यांचा गरम, घाबरा श्वास माझ्या कुबट अस्तरावर. “नको, नको,” असे त्या आत पुटपुटत होत्या. त्या किती वेळ अडकल्या मला सांगता येणार नाही. मला तो वेळ माझ्या सगळ्या आयुष्यापेक्षा लांब वाटला.

मी निघालो. त्यांनी एक बाही मनगटाभोवती गुंडाळली आणि दुसरी पलीकडे फेकली. पहिल्यांदा ती पाण्यात पडली. दुसऱ्यांदा कस्तुरीच्या हाती लागली.

“उडी मारू नका, बाई. आडव्या पडा. मी ओढते.”

बाई आडव्या झाल्या. कमरेपर्यंत त्या पाण्यात गेल्या. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मध्ये मी, ताणलेला. माझ्या डाव्या खांद्यावरची वरची शिवण टचटच करत उसवली. शेवटपर्यंत उसवली. तिच्याखाली दुसरी होती. ती टिकली.

बाई बाहेर आल्या तेव्हा गालिनाबाई शिडी घेऊन पोचल्या होत्या. त्यांनी बाईंना आपल्या शालीत गुंडाळले आणि खांद्याला धरून घरी नेले. भट्टीसमोर बसल्यावर बाईंचे दात वाजायचे बराच वेळ थांबले नाहीत. थांबले तेव्हा त्या कस्तुरीकडे न बघता म्हणाल्या,

“हा प्रश्न मी दर वर्षी परीक्षेत घालायचे गं. चार गुणांचा.”

कस्तुरीने फोटोतली पाटी वाचून दाखवली. बर्फावर जाण्यास सक्त मनाई. बाईंनी फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळी नदी फुटली. घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत होते. दोन दिवस गावात कानठळ्या बसवणारा गडगडाट होता. बाई खिडकीपाशी गेल्या नाहीत. तीन आठवड्यांनी होडी सुरू झाली तेव्हा त्या कस्तुरीचा हात धरूनच चढल्या आणि पैलतीर येईपर्यंत डोळे मिटून बसल्या.

बेडोकला परतल्यावर त्यांनी घरात काही सांगितले नाही. मुक्काम लांबला, कारण होडी नव्हती, एवढेच सगळ्यांना ठाऊक होते. पण मला पूर्वी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. लिफ्ट हलली की त्या भिंत धरत. मरीन परेडच्या समुद्राकडे संध्याकाळी फिरायला जाणे त्यांनी सोडले. उल्काने मला उसवलेला, डागाळलेला पाहिला आणि टाकून द्यायला दाराशी ठेवले. बाईंनी मला उचलून आत आणले. सुईदोरा घेऊन त्या खिडकीपाशी बसल्या.

मधुवंती शाळेतून आली होती. हा कसा फाटला, असे तिने विचारले. बाईंनी एक टाका घातला, दोन घातले. मग त्यांनी सगळे सांगितले. पाटी, पाणी, माझ्यात अडकलेले डोके, काहीही वगळले नाही. अश्विन दारात उभा राहून ऐकत होता, हे त्यांना उशिरा कळले. तो बाहेर गेला, बऱ्याच वेळाने परत आला आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसला.

“आजी, यू स्केअर्ड ऑर नॉट?” मधुवंतीने विचारले.

“खूप घाबरले होते. अजूनही घाबरते,” बाई म्हणाल्या. “सांगितलं म्हणून आज जरा कमी.”

मित्रांनो, आता मी पिशवीत नसतो. दर महिन्याला मला खिडकीत वारा मिळतो. माझी चेन बदलली आहे. मागच्या डिसेंबरात विक्रांत नावाचा एक विद्यार्थी मला न्यायला आला, तेव्हा बाईंनी त्याला मला पाच वेळा घालायला आणि पाच वेळा काढायला लावले. तो हसत होता. बाई हसल्या नाहीत.

वस्तू जुनी झाली म्हणून तिला अडगळीत विसरू नका. आणि विसरलात, तर निघायच्या आदल्या दिवशी तिला घाईने ‘चालेल’ म्हणू नका. आम्हाला बोलता येत नाही. आमच्या जिवावर तुम्ही कुठे जाल ते आम्हाला माहीत नसते, आणि जाताना आम्हीही भितो.

माझ्या आतल्या खिशात बाईंनी एक कागद शिवून टाकला आहे. जो मला नेतो त्याने तो वाचायचा, असा नियम आहे. अक्षर फळ्यावरचे, टपोरे. वर लिहिले आहे, ‘सूचना’. खाली एकच ओळ:

‘पाटी वाचता आली नाही, तर परत फिरावे आणि कोणालातरी विचारावे. बाईंनी विचारले नव्हते.’