अनुपमाच्या पायाशी पंखा

मी टेबलफॅन बोलतोय. थांबा हं, मान पलीकडे चालली... आलो! माझं हे असंच. अर्धं वाक्य भिंतीला ऐकवतो, उरलेलं तुम्हाला. राग मानू नका.

तीन निळी पाती, पांढरी जाळी आणि अंगात नुसता उत्साह! १९८१ साली नंदूच्या ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून त्याच्या लग्नात मला आहेर दिला. बोरीवलीच्या दोन खोल्यांत आलो. नंदू, नवी नवरी अनुपमा आणि सासूबाई रत्नप्रभा. सासूबाई मालवणकडच्या. मला म्हणायच्या, "वाऱ्याचो डबो!"

तीन वर्षांनी अनुपमाच्या पायांत आग सुरू झाली. भात टाकायला उभी राहिली की तळवे जळायचे. चादर नुसती लागली तरी कळवळायची. बरेच डॉक्टर झाले. शेवटी एकांनी नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. "मज्जातंतूंवरचं आवरण झिजतं. उकाडा टाळा," म्हणाले. वायरचं प्लॅस्टिक सोलवटलं की ठिणग्या उडतात, तसंच काहीसं. मला लगेच कळलं! माझी नेमणूक तिच्या पायाशी झाली आणि मी तर हवेतच!

सासूबाईंना मात्र पटेना. चेहरा हसरा, तब्येत छान, मग दुखतं कुठे? "दिसता तर बरी धडधाकट. भांडी घासूचा नाव काढला की पाय जळतत!" अनुपमा तशीच उठून भांड्यांना लागायची. मी रागाने मान हलवायचो, पण मी तशीही हलवतोच. लक्षात कोण घेणार?

८५ सालचे गणपती आले. सोसायटीच्या नाटकात अनुपमा दरवर्षी काम करायची. नाटक बसवणारा विद्याधर म्हणाला, "जमेल ना गं? नाहीतर प्रॉम्प्टिंग कर."

"जमेल रे. खडूस मालकीणबाई खुर्चीत बसूनच ओरडते ना! फक्त पायाशी पंखा दे."

झालं! मी नाटकात! तालमी आमच्याच घरी. सासूबाई लसूण सोलता सोलता ऐकायच्या. पंधरा दिवसांत अख्खं नाटक तोंडपाठ. कुणी वाक्य विसरलं की आतून ओरडून सांगायच्या.

पहिला अंक झकास झाला. मी टीपॉयखाली फुल स्पीडवर. दुसऱ्या अंकात उजेड कमी वाटला म्हणून मंडपवाल्याने माझा प्लग उपटला आणि तिथे हॅलोजन खोचला. वाट लागली! अनुपमाला दरदरून घाम सुटला. पुढचं वाक्य आठवेना. शेवटी ती किंचाळलीच, "अरे, पंखा लावा रे कुणीतरी! पाय जळतायत माझे!"

लोक खो खो हसले. शिट्ट्या पडल्या. ती रडायला लागली, तर आणखी हशा! विद्याधरला वाटलं, पदरचं घालतेय. विंगेतून ‘झकास’ म्हणून अंगठा उंचावत होता. आणि मी तिथेच, तिच्या पायाशी, ठार बंद. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

पहिल्या रांगेत सासूबाई हसत नव्हत्या. हे वाक्य नाटकातलं नव्हतं. ते त्यांच्या स्वयंपाकघरातलं होतं, रोज ऐकून सोडून दिलेलं. त्या पदर खोचून थेट स्टेजवर चढल्या.

"हसतास कसले? ह्या नाटकातला नाय! माझ्या सुनेचे पाय खरेच जळतत!"

हॅलोजनचा प्लग त्यांनी स्वतः उपटला आणि माझा खोचला. स्टेजवर अर्धा अंधार आणि मी सुटलो गरगर, गरगर, आनंदाने नुसता वेडा! सासूबाई तिच्यासमोर खाली बसल्या. पायाकडे हात नेला आणि मध्येच थांबवला.

"हात लावू गो? की दुखतला?"

अनुपमाने डोळे पुसले. "आत्ता नको, आई."

"बरा. नाय लावणय," म्हणाल्या आणि तशाच बसून राहिल्या. उरलेलं नाटक त्यांना तिथेच ठेवून पार पडलं. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

आता ८९ चाललंय. अनुपमाचं दुखणं गेलं नाही, कमी-जास्त होत राहतं. मीही खडखडतो, जाळी गंजलीय. नवा पंखा आणायचं चाललंय. आणा की! माझी एकच विनंती. ती जळतंय म्हणाली की त्याला लगेच लावा. आधी तिच्या चेहऱ्याकडे बघून ठरवू नका.